नरसू चिताऱ्याचा कावळा

"आता मला सांगा, या चित्रात काय काय चुकलंय?"

टेंगशे सरांनी हातातली छडी चौकटीच्या काचेवर अलगद टेकवली आणि समोर दाटीवाटीने उभ्या असलेल्या सातवीच्या वर्गाकडे पाहिलं. कुणी शेपटी म्हणालं, कुणी चोच. मागच्या रांगेतली एक मुलगी "सगळंच" म्हणाली आणि वर्ग खिदळला. सरही हसले. मग कौतुकाने तिला म्हणाले, "बरोबर. चित्रकार कितीही मोठा असो, डोळे उघडे ठेवले नाहीत की असं होतं."

मलगडच्या वस्तुसंग्रहालयातला तो माझा पहिला दिवस. मी दाराशी सामानाची पेटी घेऊन उभी होते आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लखनौला जुने कागद दुरुस्त करायचं शिक्षण नुकतंच पुरं केलं होतं आणि दसऱ्याला उघडणाऱ्या नव्या दालनासाठी संस्थानाची पक्षीचित्रं नीटनेटकी करून द्यायचं काम मला मिळालं होतं. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मलगडही मी केव्हाच सोडलं. पण पक्ष्याचं कुठलंही चित्र समोर आलं की आधी मला ती हसणारी पोरं आठवतात.

टेंगशे सर तिथल्या हायस्कुलात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. संग्रहालय ते बिनपगारी सांभाळत आणि पगारी माणसाहून जास्त कडक सांभाळत. पक्षी हा त्यांचा जीव की प्राण. बोलता बोलता मध्येच हात वर करून गप्प बसवायचे, कारण बाहेर कुठेतरी हळद्या ओरडलेला असायचा. माणूस तऱ्हेवाईक, पण लबाडीचा लवलेश नाही.

पोरं गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि लाल कापडात बांधलेला गठ्ठा टेबलावर ठेवला. म्हणाले, "ते भिंतीवरचं विसरा. हे बघा."

दीडशे वर्षांपूर्वी मलगडच्या राजाला पाखरांचं वेड होतं. त्याने बागेत मोठमोठे पिंजरे बांधून घेतले होते आणि त्यांच्यासमोर नरसू चितारी नावाच्या माणसाला बसवून एकेका पक्ष्याचं चित्र करून घेतलं होतं. एवढं मला ठाऊक होतं. मी मनातल्या मनात नाक मुरडूनच आले होते. संस्थानी चित्रं म्हणजे जाडजूड राजे आणि लाकडी घोडे, असा माझा समज होता.

पहिलं चित्र हुदहुद्याचं निघालं. मी भिंग लावलं आणि खुर्ची पुढे ओढून बसले. तुऱ्यातल्या प्रत्येक पिसाला काळं टोक होतं आणि त्या टोकाच्या अलीकडे पांढऱ्याची इतकी बारीक किनार होती की नुसत्या डोळ्यांनी ती दिसतच नव्हती. दिसत नव्हती, पण ती होती म्हणून तुरा उजेडात उभा राहिल्यासारखा वाटत होता. तांबटाच्या चोचीभोवतीचे केस एकेक करून काढलेले, आणि त्यांतला एक जरा वाकडा. खंड्याच्या पाठीवरची निळाई एका रंगाची नव्हतीच. खाली हिरवा, त्यावर निळा, त्यावर पुन्हा पातळ निळा, आणि मधे मधे कागदच उघडा ठेवलेला. घुबडाचा पाय पाहिला तेव्हा तर मी भिंग खाली ठेवलं आणि डोळे चोळले. नखाच्या मुळाशी जी जराशी सुरकुती असते ना, तीसुद्धा या माणसाने सोडली नव्हती. खारीच्या शेपटीचे चार केस बांधलेला कुंचला, आणि पुढ्यात एका जागी न बसणारं पाखरू. कसं केलं असेल याने? मला अगदी भरून आलं आणि सर समोर होते म्हणून मी नाक पुसायचं निमित्त केलं.

"आता कळलं ना, मला त्या भिंतीवरच्या चित्राचा राग का येतो ते?" सर म्हणाले.

भिंतीवरच्या त्या चित्रात फांदीवर बसलेला एक काळाकुट्ट पक्षी होता. डोक्यावर तुरा, शेपटीतून खाली लोंबणाऱ्या दोन लांबच लांब फिती, डोळ्याभोवती निळं कडं. अंगावर ना पिसांची घडी दिसे, ना उजेड. सरांच्या मते नरसूला भृंगराज काढायचा होता. काळा, तुरेवाला, लांब शेपटीचा, तेव्हा दुसरं काय असणार? पण भृंगराजाच्या शेपटीच्या टोकांना पिसांच्या चकत्या असतात, त्या हा विसरला. चोच भलतीच काढली. आणि निळं कडं तर चक्क मनाने घातलं. चित्राखाली सरांच्या सुवाच्य अक्षरात पाटी होती: 'काल्पनिक पक्षी'.

"तांबटाच्या मिशा मोजणारा माणूस शेपटी विसरेल?" मी विचारलं.

"माणूस थकतो, काळसेकर. म्हातारा होतो. नजर जाते."

गावात तर या चित्राची म्हणच झाली होती म्हणा ना. शिंप्याने बाही उलटी शिवली, भिंतीला बाक आला, सून मनासारखी निघाली नाही, की लोक म्हणत, 'हा नरसूचा कावळा झाला.' माझी खोलीवाली बिघडलेल्या पुरणालाही तेच म्हणाली. ज्याने ते सगळे पक्षी काढले त्याचं नाव गावाने या एका पक्ष्यासाठी लक्षात ठेवलं होतं. मला त्याचा फार राग येई.

गणपती गेल्यानंतर एका दुपारी भागाक्का आली. नरसूच्या घराण्यातली. नवरा गेल्यापासून मूर्तींचा कारखाना तीच बघायची. साठीच्या आतबाहेरची, कोपरापर्यंत शाडू लागलेली, आवाजाला खणखणीत. दरवर्षी खंडेनवमीला ती घरातले सगळे कुंचले फडक्यात बांधून संग्रहालयात आणायची आणि त्या काळ्या चित्रासमोर ठेवून हळदकुंकू वाहायची. गठ्ठ्यातली चित्रं कपाटात असत, भिंतीवर हेच एक, म्हणून यालाच. नव्या दालनात हे चित्र लावणार नाहीत, असं तिच्या कानावर आलं होतं.

सरांनी तिला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. सरांनी समजावून सांगितलं की नरसूची बाकीची चित्रं सन्मानाने लागणार आहेत, हे मात्र पोरांसमोर ठेवणं बरं नाही. लोक या एकामुळे बाकीच्यांनाही हसतात. हे काढलं तर तुमच्याच घराण्याचं नाव होईल. बोलणं खोटं नव्हतं.

भागाक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तर, चुकलंय ते आमाला बी दिसतंय. पर घरातलं येखादं पोर येडं निगालं म्हनून कुनी त्याला कपाटात घालतं व्हय? आवंदाची नवमी हुंद्या. मग काय करायचं ते करा."

नवमीपर्यंत ठेवतो, सर म्हणाले.

चित्र कपाटात जायचं तर आधी ते तपासून ठेवायला हवं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते चौकटीतून काढलं. रंग कुठे सुटलाय का हे बघायची आमची एक रीत असते. कागद उजेडात आडवा धरायचा आणि एका कडेने, डोळा अगदी कागदाच्या पातळीवर आणून बघायचं. सुटलेल्या रंगाची सावली पडते आणि ती लगेच कळते. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी कागद धरला, डोळा खाली आणला आणि तशीच राहिले.

काळ्या पक्ष्याच्या अंगावर रेघा होत्या. हजारो. मानेपासून पोटापर्यंत एकेक पीस, आणि पिसातला एकेक तंतू, उंचावलेल्या रंगाने काढलेला. वरून पाहिलं की सपाट काळा डाग, आणि आडवं पाहिलं की पिसांची दाट, मऊ घडी. बोटाला लागेल इतकी खरी. मी कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला.

काळा रंग असा कुणी लावत नाही. काजळी पाण्यासारखी पातळ होते, एका हातात बसते, तिचे थर चढवायची गरजच नसते. थर चढवावे लागतात ते पांढऱ्याचे. पांढऱ्या कागदावर पांढरा पक्षी उठवायचा तर सफेदा घट्ट घोटून, रेघेवर रेघ देऊनच उठवावा लागतो. मी धावत जाऊन गठ्ठ्यातला बगळा काढला. तो अजून दुधासारखा पांढरा होता. त्यालाही उन्हात आडवा धरला. तोच हात, तीच रेघ, तोच उंचवटा.

सर नेहमीप्रमाणे चहाचा कप घेऊन आले.

"सर, हा पक्षी काळा नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"काढला तेव्हा पांढरा होता. तुरा आणि डोकं तेवढं काजळीचं आहे. बाकी सगळा शिशाचा सफेदा. दगडी कोळशाचा धूर सतत लागला की तो काळा पडतो."

सरांनी कप टेबलावर ठेवला. "डोकं काळं," ते सावकाश म्हणाले. "तुरा काळा. अंग पांढरं?"

"हो."

"आणि शेपटीच्या फिती?"

"त्याही पांढऱ्या."

सर खाली बसले. चष्मा काढून त्यांनी हातात धरला. "आणि डोळ्याभोवती निळं कडं," ते म्हणाले, पण मला नव्हे. मग त्यांनी मला सांगितलं की हा स्वर्गीय नर्तक. नर, पूर्ण वयात आलेला. ओढ्याकाठच्या गर्द झाडीत पांढरी फीत हलल्यासारखा दिसतो आणि नाहीसा होतो. आयुष्यभर रानं तुडवून त्यांनी तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला होता. चोच बरोबर होती. तुरा बरोबर होता. शेपटीला चकत्या नव्हत्या, कारण त्या नसतातच.

"त्या निळ्या कड्यावरून मी या माणसाची इतकी वर्षं टिंगल केली," सर म्हणाले. "आणि सगळ्या चित्रात तेवढंच मला खरं सांगत होतं."

बाकीची चित्रं कशी वाचली, तेही मग त्यांनीच जुळवलं. राजाच्या बैठकीच्या खोलीत हिवाळ्यात दगडी कोळशाच्या शेगड्या पेटत. गठ्ठा कापडात बांधून कपाटात असायचा. हे एकच चित्र राजाने चौकटीत घालून बैठकीच्या भिंतीवर लावलं होतं. का लावलं, ते आता उघडच होतं. सगळ्यांत आवडलं म्हणून ते भिंतीवर गेलं, आणि भिंतीवर गेलं म्हणून नासलं.

"पूर्ववत होईल?" त्यांनी विचारलं.

होण्यासारखं होतं. प्लास्टरची गुळगुळीत फरशी पेरॉक्साइडने ओलसर करायची आणि चित्राच्या वर, न टेकवता धरायची. तिच्या नुसत्या वाफेने काळा सफेदा पुन्हा पांढरा होतो. शिकताना मी हे केलं होतं, पण रद्दीतल्या कागदावर. इथे कागद दीडशे वर्षांचा, आणि असं चित्र जगात दुसरं नाही. रंग फुगून सुटला तर ज्या रेघा आत्ता उन्हात दिसल्या त्याही जातील, आणि मग नरसू खरोखरच कायमचा कावळा काढणारा ठरेल. मी हे सगळं सरांना स्पष्ट सांगितलं.

ते खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी म्हणाले, "करा. पण भागाक्काला आधी बोलू नका. नाही जमलं तर तिला पुन्हा दुःख नको."

गंमत अशी की प्लास्टरसाठी जावं लागलं ते भागाक्काकडेच. साच्यांसाठी तीच गावात प्लास्टर ठेवायची. तिने काचेवर फरशी ओतून दिली, कडा हाताने घासून दिल्या. कशाला हवी, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, एक डाग काढायचाय. तेवढ्यावर तिने फरशी फडक्यात गुंडाळून दिली. मला मात्र तिच्या डोळ्याला डोळा देववेना.

सुरुवात शेपटीच्या अगदी टोकापासून केली, म्हणजे बिघडलं तर तेवढंच बिघडेल. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठेवल्या, त्यांवर फरशी आडवी ठेवली आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो. फरशी उचलली तेव्हा टोक काळ्याचं तपकिरी झालं होतं. पुन्हा ठेवली. उचलली तेव्हा ते पिवळट होतं. तिसऱ्यांदा उचलली आणि काळ्या फितीच्या शेवटी बोटभर पांढरा रंग होता. लख्ख, ओला वाटावा इतका ताजा, आज सकाळी दिल्यासारखा. सर काहीतरी म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

मग रोज थोडं थोडं, वर वर सरकत गेलो. आमच्या समोर तो पक्षी येत गेला. दोन फिती एकमेकींवरून गेल्या होत्या, पांढऱ्यावर पांढरी, आणि दोघींमध्ये केसाएवढा कागद उघडा ठेवला होता. तेवढ्यावर वरची वर आणि खालची खाली दिसत होती. एकेक फीत मुळापासून टोकापर्यंत एका दमात ओढलेली. हात कुठे थांबल्याची खूण नाही. पोटाखाली निळसर करड्याची एक पुसट छटा निघाली. काळ्याखाली ती पार बुडून गेली होती. ती निघाली आणि सपाट पोट गोल झालं. शेवटी मान मोकळी झाली तेव्हा काळं डोकं वेगळं झालं, आणि त्याच्या काळ्यात निळसर हिरवी चकाकी आहे हे पहिल्यांदा दिसलं. तिथून तो निळ्या कड्याचा डोळा आमच्याकडे बघत होता. का कोण जाणे, त्या दिवसांत आम्ही दोघं त्या खोलीत कुजबुजत बोलायचो.

इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यानंतरही मी पुष्कळ मोठी संग्रहालयं पाहिली, नावाजलेली पक्षीचित्रं हातात घेतली. त्या चित्रासारखं काही पाहिलं नाही, हे आजही सांगते.

खंडेनवमीला भागाक्का धुवट लुगडं नेसून, कुंचल्यांचं फडकं घेऊन आली. सरांनी तिला सरळ नव्या दालनात नेलं. समोरच्या भिंतीवर ते एकच चित्र लावलं होतं आणि त्याखाली नवी पाटी होती. पक्ष्याचं नाव, आणि नरसू चिताऱ्याचं.

ती समोर उभी राहिली. मग सरांकडे न वळता तिने विचारलं, "ह्यो त्योच?"

"तोच," सर म्हणाले. "आम्ही एक रेघसुद्धा ओढलेली नाही. धुराने काळा पडला होता, तेवढा धूर काढला. चूक त्याची नव्हती, भागाक्का. माझी होती."

"तुमची एकल्याची न्हवं," ती म्हणाली. "आमी घरच्यांनी बी तेच मानलं व्हतं."

ती फरशीवर बसली आणि फडकं मांडीवर तसंच राहिलं. मग जे बोलली, ते तिने गावात कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सासऱ्यांच्या आज्याला लोकांनी भर बाजारात कावळा कावळा म्हणून चिडवलं, तेव्हा त्याने घरात शपथ घातली. "चिताऱ्याच्या हातानं पाखरू रंगवायचं न्हाई. कंदीच न्हाई. मोरावरचा गनपती कुनी मागिटला तर आमी न्हाई म्हंतो. पोरींच्या शाळंची शारदा आमी करतो, पर हंस रंगवाय मिरजंचा मानूस येतो. आमचा हात लागला तर इटाळ हुईल, असं समजून चाललो समदी." तिने चित्राकडे पाहिलं. "माझ्या मालकाचा हात लई चांगला व्हता, मास्तर. मरस्तवर त्यानं येक चिमनी काडली न्हाई."

तेव्हा ती रडली. सरांनी तोंड फिरवलं. मला काय करावं कळेना, म्हणून मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि भिंग तिच्या हातात दिलं. तिने डोळे पुसले, उठून चित्राच्या अगदी जवळ गेली, आणि खालपासून वरपर्यंत, फितीच्या टोकापासून तुऱ्यापर्यंत, एकेक रेघ वाचावी तसं बघत राहिली. दुपार होऊन गेली तरी ती तिथेच होती.

पुढच्या नवरात्रापर्यंत माझं मलगडचं काम पुरं होत आलं होतं. शारदोत्सवाला मुलींच्या शाळेने आम्हां दोघांना बोलावलं. मूर्ती भागाक्काचीच होती, आणि त्या वर्षी मिरजेहून कुणी आलं नव्हतं. हंस काही फारसा जमला नव्हता. मान आखूड झाली होती, पाय बदकासारखे. पण पंख पांढऱ्या रंगाच्या रेघेवर रेघ देऊन असे उठवले होते की एक लहान मुलगी पुढे होऊन त्यांवर हळूच बोट फिरवत होती.

मी चोरून सरांकडे पाहिलं. कुठल्याही पाखरातली चूक काढल्याशिवाय राहणारा तो माणूस. त्यांनी चपला काढल्या, पुढे झाले आणि हात जोडून वाकले. सगळ्यांना वाटलं, देवीला नमस्कार केला. मी शेजारीच उभी होते. त्यांची नजर हंसावर होती.